रोज वाघच

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून तो बोलू शकला नाही. नाहीतर त्याला त्या दिवशीही काही कळलं नसतं, आणि बहुधा पुढेही कधी कळलं नसतं. सकाळी दुकान उघडून थोडाच वेळ झाला होता. एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, वकील होते, आणि शिंपी त्यांच्यापुढे गुडघे टेकून पँटची मोहरी आत दुमडून टाचत होता. ओठांत टाचण्या, एका हाताच्या चिमटीत कापड, दुसऱ्या हातात टेप. वकिलांना एक कोटही शिवायचा होता. उभं राहून कंटाळले म्हणून असेल, नाहीतर माणूसच बोलका म्हणून असेल, त्यांनी खिडकीपाशी बटणं लावत बसलेल्या मुलीकडे बघून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं हो? अस्तर काळं घ्यावं की राखाडी?"

घराला लागून असलेल्या या दुकानात तिला असं कोणी काही विचारत नसे. जुन्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. नव्यांपैकी कोणी विचारलंच तर शिंप्याची बायको कापायच्या टेबलामागून लगेच म्हणायची, "मला विचारा, मला. ती आपल्याच तंद्रीत असते." बायको गेल्यापासून ते काम शिंप्याकडे आलं होतं. पण आत्ता तोंड उघडलं असतं तर टाचण्या वकिलांच्या बुटात गेल्या असत्या. त्याने "हं, म्म" असा काहीतरी आवाज काढला. वकिलांना वाटलं, घसा साफ करतोय. मग दुकानात कोणीच बोलेना. इस्त्रीतून वाफेचा बारीक आवाज येत होता. समोर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. असा रिकामा वेळ त्या घरात कितीतरी वर्षांत कोणी जाऊच दिला नव्हता. पोरीपुढे प्रश्न आला की तो खाली पडायच्या आत कोणीतरी झेलायचं. आता हा प्रश्न दुकानाच्या मधोमध तसाच पडून होता आणि शिंप्याला तो उचलता येत नव्हता. वकील जरासे अवघडले. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"राखाडी," मुलगी म्हणाली. सुईत अडकलेला दोरा तिने ओढून सरळ केला. "तुम्ही कोट घालत नाही. हातावर टाकता. आतली बाजू वर करून. काळ्यावर धूळ दिसेल."

वकिलांनी आपल्या हाताकडे पाहिलं. जुना कोट हातावर होता, आतली बाजू वर, आणि काळ्या अस्तरावर पांढुरकी धूळ होती. ते हसले. "खरंय. माझ्या बायकोला इतक्या वर्षांत हे दिसलं नाही. राखाडीच लावा."

ते गेले तरी शिंपी जमिनीवरच बसून होता. टाचण्या तोंडातून काढायचंही त्याला सुचलं नाही. मुलगी पुन्हा बटणाकडे वळली होती. तिचं वय तिशीला टेकलेलं, पण उंची शाळेतल्या मुलीची. जन्मली तेव्हा इतकी गोल होती की सगळे तिला गोटी म्हणायला लागले. मग खरं नाव फक्त दवाखान्याच्या कागदांवर राहिलं. कानांमागचे केस विरळ होते ते कधी भरलेच नाहीत, म्हणून ती रुमाल बांधायची. शिंपी तिच्याकडे बघत राहिला. ओळखीच्या घरात एक खोली असावी, तिला कुलूप आहे असं समजून आपण आयुष्यभर बाहेरून जावं, आणि एक दिवस वाऱ्याने दार हलावं, तसं त्याला झालं. कुलूप नव्हतंच. दार जड होतं एवढंच.

लहानपणी गोटीला सकाळी उलट्या व्हायच्या. शाळेला जायचं नाही म्हणून नाटकं करते, असं त्यांना वाटलं होतं. मग ती चालताना भिंतीचा आधार घ्यायला लागली, जिन्यावर पाय चुकायला लागला. मेंदूच्या मागच्या भागात गाठ निघाली. गाठ कापून काढली आणि डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की आता डोक्याला आणि पाठीच्या कण्याला किरण द्यावे लागतील, नाहीतर गाठ परत येईल. म्हातारे डॉक्टर होते. आडपडदा ठेवणारे नव्हते. "जीव वाचण्याची आशा चांगली आहे," ते म्हणाले. "पण वाढत्या मेंदूला हे किरण सोसत नाहीत. त्याची किंमत लगेच दिसत नाही, वर्षं गेल्यावर दिसते. ती इतर मुलांच्या मागे पडेल. किती, ते मी आज सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही." बायको म्हणाली, "डॉक्टर, मागे तर मागे. रांगेत तर राहू दे." शिंप्याचं लक्ष डॉक्टरांच्या बाहीकडे होतं, तिचं एक बटण लोंबत होतं आणि त्याला ते शिवून द्यावंसं वाटत होतं. माणसाचं डोकं अशा वेळी कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.

किरण द्यायच्या खोलीचं दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड होतं. पोर हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्याचा प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा केला होता. गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबायचा, गार झाला की कडक. तो मुखवटा टेबलाला पक्का बसवायचे आणि सगळे बाहेर यायचे. आत ती एकटी. पहिल्या दिवशी ती इतकी रडली की काही करता येईना. तेव्हा मशीन चालवणाऱ्या माणसाने गोटीच्या आईला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि माइक पुढे केला. "बोला तिच्याशी," तो म्हणाला. "तिला ऐकू जाईल. पण तिला बोलायला लावू नका, हनुवटी हलता कामा नये." मग बायकोने गोष्ट सुरू केली. एक होता वाघ. वाघ कुठे निघाला? रानात निघाला. रानात त्याला कोण भेटलं? ससा भेटला. मग वाघ काय म्हणाला, सांगू? आमच्या गोटीला कोण आवडतं, ससा की वाघ? वाघ. माझी पोर शूर आहे, तिला वाघच आवडतो. असं विचारत, आपणच उत्तर देत, दार उघडेपर्यंत. सुट्टीचे दिवस सोडून रोज, काही आठवडे. छोट्या पडद्यावर पोर दिसायची, हातांच्या मुठी आधी आवळलेल्या, मग हळूहळू सुटलेल्या. शिंपी मागे उभा राहायचा. त्याला तेव्हा वाटायचं की किरणांनी नाही, ही बाई बोलून बोलून पोरीला जगवते आहे.

ते आठवडे संपले, मुखवटा सुटला. बोलणं तेवढं तसंच राहिलं. हे त्याला आज कळत होतं, तोंडात टाचण्या घेऊन. पोरीचं तोंड मोकळं झालं तरी विचारायचं आईने आणि सांगायचंही आईनेच, ही रीत घरात राहून गेली. भूक लागली? लागली असेल. शाळा आवडली? आवडली ना, बाई चांगल्या आहेत. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. पहिली दोनेक वर्षं पोर बरी वाटत होती, तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग डॉक्टर म्हणाले होते तसं व्हायला लागलं. तिचं काही गेलं असं नाही, पण वर्गातली बाकीची मुलं पुढे जात राहिली आणि ती आपल्या चालीने मागून येत राहिली. फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत फळा पुसलेला असे. बाई म्हणाल्या, मुद्दाम करते. मैत्रिणी आधी थांबायच्या, मग थांबेनाशा झाल्या. उंची वाढेना, थायरॉइडची गोळी कायमची मागे लागली. पुढे शाळा सुटली. घरात सगळ्यांना वाटत होतं की उत्तर येत नाही म्हणजे उत्तर नाही. आणि आई असताना ते तपासून बघायची गरज कोणाला पडली? आई म्हणजे चालतंबोलतं उत्तर होतं. तिच्यापुढे शिंप्याचीसुद्धा कधी डाळ शिजली नाही. "तुला काय येतंय बोलायला," ती त्याला म्हणायची, "तू कात्री चालव."

एकदा मात्र कुणीतरी बोललं होतं. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आली होती. वर्षातून एकदा दाखवायला जायचं, तसं गेले होते. डॉक्टरणीने गोटीला काही विचारलं, आईने उत्तर दिलं. दुसरं विचारलं, आईने दिलं. डॉक्टरीण म्हणाली, "काकू, तुम्ही जरा थांबाल का? तिचं ती सांगेल. किरण घेतलेल्या मुलांच्या मेंदूत निरोप पोचायला वेळ लागतो. तारांवरचं आवरण नीट वाढत नाही, म्हणून निरोप हळू जातो. पण जातो." बायको तिथे काही बोलली नाही. घरी येताना बसमध्ये मात्र तोंडाचा पट्टा सुटला. "कालची पोर. मला शिकवते, माझ्या लेकीचं कसं असतं ते." शिंपी म्हणाला होता, "हो ना." तिच्या कुठल्याही बोलण्याला तो हो ना म्हणायचा. त्यात त्याचं बरं चाललं होतं. आता ती नव्हती, आणि हो ना म्हणायला समोर कोणी नव्हतं, आणि त्याला तिचा राग येत नव्हता. तिने एका पोरीला त्या जाड दारामागून बोलत बोलत बाहेर आणलं होतं. दार उघडल्यावर बोलणं थांबवायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता, एवढंच. आणि तिच्यासारखं बोलायला येणारी दुसरी बाई त्याने पाहिली नव्हती. दुपारी कधीकधी मशीन थांबवून तो ऐकत बसायचा. दुकान इतकं शांत असू शकतं हे त्याला माहीतच नव्हतं.

ती गेली त्या दिवशी गोटी रडली नव्हती. लोक येत होते, जात होते, ती खिडकीपाशी बसून होती. कोणीतरी दुसऱ्या खोलीत म्हणालं, "एका परीनं बरंच आहे, पोरीला कळलेलं नाही." शिंप्यालाही तसंच वाटलं होतं. त्या वाटण्यात थोडा दिलासा होता आणि थोडं असंही होतं की या घरात रडणारा मी एकटाच. मग बरेच दिवसांनी, सगळं थंड झाल्यावर, एका साध्या सकाळी, शर्टाला काजं करता करता ती रडायला लागली. दिवसभर रडली. जेवताना रडली, भांडी घासताना रडली. तो घाबरला होता. काय झालं, कुठे दुखतंय, डोकं दुखतंय का, असं विचारत राहिला, आणि उत्तराची वाट न बघता त्याने डोकेदुखीची गोळी दिली. आज जमिनीवर बसल्या बसल्या त्याला ते आठवलं आणि त्याने टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. निरोप पोचला होता. उशिरा पोचला होता, पण पूर्ण पोचला होता. तो एकटा रडत नव्हता. दोघं वेगवेगळ्या दिवशी रडले होते, इतकंच.

पण याच सगळ्याच्या मध्ये एक रविवार येऊन बसला होता. शिंप्याची थोरली बहीण दुसऱ्या गावात होती. तिचं घर मोठं, दोन सुना हाताशी. तिने फोनवर ठरवून टाकलं होतं. "रविवारी येते आणि गोटीला घेऊन जाते. कायमची. तू साठी ओलांडलीस, बाळू. उद्या तुला काही झालं तर ती पोर दारात उभं राहून कोणाला सांगणार, काय सांगणार?" शिंपी "बघू" म्हणाला होता. त्यांच्या घरात बघू म्हणजे हो. आणि खरं सांगायचं तर हो म्हणताना त्याला हलकं वाटलं होतं. आपल्यामागे हिचं काय, हा प्रश्न त्याच्या छातीवर धोंड्यासारखा होता. त्याला झोप लागत नव्हती. गोटीला घेऊन जायचं ठरलं. गोटीला मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिला विचारायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण विचारून काय मिळणार?

आता ते त्याच्या डोक्यात आलं आणि जाईना. त्याने सुरुवात भाजीपासून केली. "आज काय आणू?" त्याने विचारलं आणि दात आवळून उभा राहिला. वाट बघणं इतकं अवघड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. अंगाला मुंग्या येत होत्या. जिभेच्या टोकावर बटाटे येऊन बसले होते आणि त्याने ते गिळले. एक बाही इस्त्री करून झाली तेव्हा ती म्हणाली, "गाजर." त्याने गाजरं आणली. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मशीनचा आवाज बदललाय का गं? ती दुपारी म्हणाली, पट्टा सैल झालाय. तो झाला होता. अर्थात सगळंच असं झालं नाही. दोनदा उत्तर आलंच नाही, ती प्रश्नच विसरून गेली. एकदा ती आतल्या खोलीत कात्री आणायला गेली आणि तिथेच उभी राहिली, कशाला आले ते आठवत. गुरुवारी तिने इस्त्री तशीच पँटवर ठेवली आणि पँट जळाली. शिंप्याने ते पाहिलं तेव्हा त्याच्या मनात आलं, ताईचंच खरं. पण त्याच संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, "इस्त्रीला घंटी पाहिजे. घड्याळाची लावू. वाजली की उचलायची." आणि तिने स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणून इस्त्रीशेजारी ठेवलं. शिंपी बघत राहिला. तो शिकलेला नव्हता, पण कापडाचं त्याला कळत होतं. काही कापड पाण्यात घातलं की लगेच भिजतं आणि काही भिजायला वेळ घेतं. त्याने आयुष्यभर दुसऱ्या जातीच्या कापडाला पहिल्या जातीच्या मापाने पाणी दाखवलं होतं आणि म्हटलं होतं, हे काही भिजत नाही.

शनिवारी दोघं दोरा आणायला निघाले. दोऱ्याचं दुकान चौकाच्या पलीकडे. एरवी आई तिचा हात धरायची आणि रस्ताभर बोलायची. शिंपी हात धरून चालला, पण बोलला नाही. आज तो काही विचारतही नव्हता. उद्या ताई येणार आणि आपण काय करणार, हे तो स्वतःलाच विचारत होता. बेकरीपाशी आल्यावर गोटी म्हणाली, "आई विचारायची, तुला आमचा राग येतो का."

हे शिंप्याला माहीत होतं. बायको कधीकधी वेणी घालताना, म्हणजे होते तेवढे केस विंचरताना, पोरीला विचारायची. तुझ्या डोक्याला आम्ही ते किरण दिले, तुला राग नाही ना येत आमचा? नाही येत. माझी गुणाची आहे. आणि मग ती उठून आत जायची आणि नळ सोडायची, आवाज येऊ नये म्हणून.

तो थांबला नाही. थांबलो तर ती थांबेल, असं त्याला वाटलं. बेकरी मागे पडली, मग चपलांचं दुकान, मग बंद पडलेला पेट्रोल पंप.

"राग नव्हता," गोटी म्हणाली. "मला तो वाघ आवडत नव्हता."

"कोणता वाघ?"

पंपाची भिंत संपली. "गोष्टीतला. रोज वाघच. आणि तो काही खायचाच नाही. नुसता फिरायचा. सशाशी बोलायचा."

शिंप्याला आधी कळलंच नाही की त्याच्या घशातून येतंय ते काय आहे. तो हसत होता. भर रस्त्यात, वाकून, गुडघ्यावर हात ठेवून तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं आणि एका सायकलवाल्याने वळून पाहिलं. तो एवढ्या वर्षांत कधी असा हसला नव्हता, बायको असतानाही नाही. त्या पडद्यावर मुठी सैल व्हायच्या त्या धीर आला म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून. आणि बाहेर ती बिचारी घसा कोरडा पडेपर्यंत वाघ फिरवत होती. आज ती असती तर आधी भांडली असती, मग हसली असती, मग सगळ्या आळीला सांगत सुटली असती.

"मग सांगायचं नाहीस का?" तो डोळे पुसत म्हणाला.

दोऱ्याच्या दुकानात शिरेपर्यंत ती बोलली नाही. "तोंड बांधलं होतं," ती म्हणाली. "मला त्या खोलीतल्या मशीनची गोष्ट पाहिजे होती. ती कशी फिरते ते." मग तिने दुकानदाराला राखाडी दोऱ्याची रिळं मागितली, आणि दुकानदार शिंप्याकडे बघायला लागला तेव्हा शिंपी कपाटातल्या बटणांकडे बघायला लागला.

रविवारी ताई आली. दारातूनच तिचा आवाज आधी आला. "काय रे बाळू, किती वाळलास. जेवतोस की नुसता दोरा गिळतोस? गोटे, सामान भरलंस का गं? नसेल भरलं तर मी भरते, बघ, दोन मिनिटांचं काम." शिंप्याने चहा ठेवला. गोटी खिडकीपाशी वकिलांच्या कोटाचं अस्तर तुरपत होती. ताईने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं: कुठल्या खोलीत राहायचं, धाकट्या सुनेला कशी सोबत होईल, गोळीची आठवण कोण करेल. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. ती मनापासून न्यायला आली होती. म्हणूनच शिंप्याला ते बोलायला जड गेलं.

"ताई, तिला विचार," तो म्हणाला.

"काय विचारू? मी काय परकी आहे?"

"नाही. पण विचार. आणि विचारून झालं की गप्प बस."

"मला गप्प बस म्हणतोस? तुला अंघोळी घातल्यात मी."

"म्हणून तर म्हणतोय. दुसरं कोणी असतं तर घाबरलो असतो."

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याचंही डोकं तपासून घ्यायला हवं. मग ती गोटीकडे वळली. "गोटे, येतेस ना माझ्याकडे राहायला?"

गोटीने सुई थांबवली.

ताईने चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. "बघ, तिला काही—"

"ताई."

"अरे, पण ती—"

"थांब की जरा."

ताईने पदराने तोंड पुसलं. शिंपी टेबलाची कड धरून उभा होता. ती हो म्हणाली तर? त्याने याचा विचारच केला नव्हता. तिथे दोन सुना, भरलेलं घर; इथे एक म्हातारा आणि दोन मशिनी. ती हो म्हणाली तर जाऊ द्यावं लागेल, आणि ते तिचं हो असेल, कोणी तिच्या तोंडात घातलेलं नाही. या विचाराने त्याला धास्ती वाटली आणि त्या धास्तीखाली कुठेतरी बरंही वाटलं. घराच्या भिंतीवरचं घड्याळ, रस्त्यावरची माणसं, उकळून गेलेल्या चहाचा वास. ताई कधी नव्हे ती गप्प होती आणि तिचा चेहरा हळूहळू वेगळाच दिसायला लागला होता, एखाद्या लहान मुलीसारखा, जिला काय होणार ते माहीत नाही.

"नाही," गोटी म्हणाली. "इथं कोट आहेत. इस्त्रीला घंटी लावलीय. वरच्या मजल्यावर नर्सबाई आहेत, त्यांना हाक मारता येते." तिने दोरा दातांनी तोडला. ताईला वाटलं झालं, आणि ती बोलायला लागणार तेवढ्यात गोटी म्हणाली, "बाबांना न्या. चार दिवस. ते जेवताना झोपतात."

मग ताई खुर्चीत मागे टेकली. "अगं बाई," ती हळू म्हणाली. "ही तर सगळं बघते."

"बघते," शिंपी म्हणाला.

"आणि आपण काय करत होतो इतकी वर्षं?"

"आपण बोलत होतो."

ताई हसली नाही. तिने उठून गोटीच्या डोक्यावर हात ठेवला, रुमालावरून, आणि तसाच ठेवला. मग म्हणाली, "चल बाळू, भर सामान. न्यायला आले होते ते रिकाम्या हाताने नाही जायची मी."

शिंपी नाही म्हणत होता. दुकान कसं सोडू, कोट कोण देईल, आणि ही एकटी. पण हे सगळं म्हणताना त्याच्या लक्षात आलं की त्यालाही कोणी विचारलेलं नाही, आणि तरी त्याला जायचं आहे. फार जायचं आहे. वरून नर्सबाई येऊन म्हणाल्या की ड्युटीला जाताना आणि येताना डोकावेन, आणि गोटीने आपला फोन दाखवला, त्यात त्यांचा नंबर आधीच घातलेला होता. कधी घातलास? शिंप्याने विचारलं. "पँट जळाली तेव्हा," गोटी नर्सबाईंना जिन्यापर्यंत सोडायला गेली तेव्हा म्हणाली.

गोटी बसपर्यंत सोडायला आली. ताई आत जाऊन बसली, शिंपी दारात उभा राहिला. त्याच्या तोंडात आलं होतं, भीती नाही ना वाटणार? पण तसं विचारलं की त्यात उत्तर बांधूनच दिल्यासारखं होतं. त्याने ते सोडलं. "मी चार दिवस नसणार," तो म्हणाला. "तुला काय वाटतंय?"

गोटीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने मान जराशी कलती केली. कंडक्टरने घंटी वाजवली, दार लागलं, आणि बस हलली. शिंपी धडपडत आपल्या जागेवर गेला आणि काचेला डोकं लावून मागे बघत राहिला. ती फुटपाथवर तिथेच उभी होती, तशीच मान कलती करून. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी जात होते. तिने हात हलवला नाही. ती कामात होती. बस वळली.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"अजून काही नाही," शिंपी म्हणाला. "विचार करतेय." आणि त्याने पाय लांब केले, डोकं मागे टेकलं. शहर संपायच्या आत त्याला झोप लागली.